खिंडीपलीकडचं स्टेशन

१

“घाई करायची नाही, पारास्किवा. रेडिओ कोड मागायला लागला की माणसाचा हात थरथरतो आणि भलतंच बटण दाबलं जातं. तीनदा चुकलीस की हा रुसून बसतो. मग किल्ली फिरवलेलीच ठेवायची, रेडिओ चालू ठेवायचा आणि तासभर गप बसायचं. मधेच बंद केलास, की तास पुन्हा पहिल्यापासून.”

हा टोआदेरचा, तिच्या नवऱ्याचा आवाज. तो गेला, पण आवाज अजून गाडीतच बसून होता.

आज त्याचा चाळिसावा झाला. पारास्किवाने पहाटे उठून गहू उकडले, त्यात साखर आणि अक्रोड कालवून कोलिवा केला, चर्चमध्ये नेऊन पाद्रीबाबांकडून त्यावर प्रार्थना म्हणवून घेतली आणि आल्यागेल्याला वाटला. रोज सकाळी मृताच्या नावाने शेजारच्या घरी बादलीभर पाणी नेऊन द्यायचं व्रत होतं, तेही आज संपलं. सगळं यथासांग झालं. तिच्या डोळ्यांत पाणी मात्र तेव्हाही आलं नव्हतं आणि आजही आलं नाही. पाण्यात फार वेळ राहिलेल्या हातासारखं तिचं सगळं अंग बधिर झालं होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्याबद्दल तिची देवाकडे तक्रार नव्हती. तिच्या मनात रुतून बसली होती ती दुसरीच गोष्ट. टोआदेर एकटा गेला. ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू होण्याच्या आदल्या रविवारी, जेव्हा सगळं गाव एकमेकांची क्षमा मागतं, त्या दिवशी तो गेला, आणि हातात पेटती मेणबत्ती नसताना गेला. जाणाऱ्याच्या हातात कुणीतरी उजेड द्यावा, म्हणजे त्याला पुढची वाट दिसते. उजेडाविना गेलेला जीव चाचपडत राहतो, असं तिच्या आजीने तिला सांगितलं होतं आणि तिच्या आजीला तिच्या आजीने. दर संध्याकाळी स्तोत्र म्हणताना ती त्या एका ओळीशी अडखळायची, जिथे प्रकाशाचं नाव येतं.

दुःखाच्या घरात चाळीस दिवस रेडिओ लावत नाहीत. म्हणून अंगणात उभ्या असलेल्या गाडीलाही कुणी हात लावला नव्हता. आज बंधन सुटलं, तशी ती किल्ली घेऊन गाडीत जाऊन बसली. टोआदेर रोज गाडीत बसून चर्चची प्रार्थना ऐकायचा. घरातल्या रेडिओला भिंती आडव्या येतात, म्हणायचा. ती प्रार्थना एकदा ऐकावी, एवढीच तिची इच्छा होती.

तिने किल्ली फिरवली, रेडिओ लावला. दुसरं बटण दाबलं. ते टोआदेरच्या लाडक्या स्टेशनचं. काहीच झालं नाही. तिसरं, चौथं दाबलं. सगळी कोरी. फक्त पहिल्या बटणावर एक आकडा उमटला, १०३.२, आणि तव्यावर पाणी पडावं तशी खरखर सुरू झाली.

हे स्टेशन तिने कधी ऐकलं नव्हतं.

ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. टोआदेरने शिकवलं होतं तेच मनात आलं. बॅटरी निघाली, की हा रेडिओ सगळं विसरतो. चोराने उपटून नेला तर त्याच्या काही कामाचा राहू नये, म्हणून. पुन्हा वीज मिळाली की आधी कोड मागतो. कोड बरोबर दिला की चालू होतो, पण बटणं कोरी ती कोरीच.

इथे बटणं कोरी होती, आणि रेडिओ कोड मागत नव्हता.

म्हणजे कुणीतरी बॅटरी काढली होती. आणि कुणीतरी बरोबर कोड दिला होता. ते चार आकडे या जगात दोघांनाच माहीत होते, आणि त्यातली एक आत्ता इथे बसली होती.

२

गाव्रिलचं गॅरेज गावाच्या खालच्या टोकाला. तो गाडीखाली उताणा पडून कुणाला तरी शिव्या घालत होता. बहुतेक एका नटाला.

“गाव्रिल, जरा बाहेर ये.”

“आलो, काकू.” तो घसरत बाहेर आला आणि तिचे काळे कपडे पाहून त्याने जीभ चावली. “मी त्या नटाला बोलत होतो. उपासाच्या दिवसांत तोंड आवरायला पाहिजे, कळतंय मला.”

“त्या सकाळी गाडी वरून तूच आणलीस ना? तिची बॅटरी काढली होतीस?”

“कशाला काढू? किल्ली फिरवली, खोकली, सुरू झाली. चालवत आणली, तुमच्या अंगणात लावली आणि किल्ली तुमच्या हातात दिली.”

“रेडिओ?”

“काकू!” त्याला खरंच वाईट वाटलं. “माणूस गेलाय आणि मी रेडिओ लावीन? शिवाय कोड काय मला ठाऊक आहे? तो रेडिओ मी बसवला, त्या दिवशी टोआदेरकाका म्हणाले, ‘तिकडे तोंड कर.’ मी केलं. म्हणाले, ‘अजून फिर.’ लग्नाच्या रात्री नवरीसुद्धा एवढी लाजत नसेल.”

पारास्किवाच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा झाला आणि थांबला.

“बॉनेट उघडून बघ,” ती म्हणाली. “मी गाडी घेऊनच आले आहे.”

गाव्रिलने बॉनेट उघडलं आणि डोकं खाजवलं. ते खाजवणं तिला जरा जास्त वेळ चाललं असं वाटलं.

“बोल, गाव्रिल.”

“ही मी दिलेली बॅटरी नाही. त्या सकाळीच दिसलं मला, गाडी खोकली म्हणून बघितलं तेव्हा. मी शरद ऋतूत काकांना नवी दिली होती. ही कुणाची तरी जुनी आहे. कडेला निळा रंग फासलाय बघा. पट्टा, आणि खाली ठिपका.”

“मग चाळीस दिवस गप्प का बसलास?”

तो हातातलं फडकं पिळत राहिला. “काकू, आता राग मानू नका. शहर खाली. काका तुम्हाला सांगून गेले, शहरात चाललोय. गाडी सापडली गावाच्या वरती, दगडी क्रॉसपाशी, खिंडीच्या रस्त्यावर. लोकांची तोंडं तुम्हाला माहीत आहेत. म्हणे, डोंगरापलीकडे त्यांचं कुणीतरी... आता ही बॅटरीची गोष्ट मी बोललो असतो, तर त्या तोंडांना आणखी चारा झाला असता.”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटतं, बाईच्या घरी बॅटरी नसते,” गाव्रिल म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्याने कावराबावरा झाला.

तिने निळ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. पट्टा आणि ठिपका. हे कुठेतरी पाहिलं होतं. पण तिचं डोकं बंद घरासारखं झालं होतं. कडी वाजत होती, आत उठून दार उघडायला कुणी नव्हतं.

३

सार्जंट हारालांबिये चौकीत सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले होते. तिला पाहताच त्यांनी सालं हाताने टेबलाखाली लोटली.

“या बाई. उपासाचं खातोय हं, देवाशपथ.”

“साहेब, माझा नवरा त्या गाडीत एकटा नव्हता.”

सार्जंट मागे रेलले. अशी वाक्यं त्यांनी विधवांच्या तोंडून पूर्वीही ऐकली होती. “बाई, मारहाण नाही, जखम नाही, पाकीट खिशात. डॉक्टरचा दाखला आहे. दूधवाला पहाटे वर गेला, त्याने पाहिलं. टोआदेर स्टिअरिंगवर बसलेला, टोपी मांडीवर नीट ठेवलेली, जणू चर्चमध्ये बसलाय. मला तर हेवा वाटला. मला असं मरण कोण देणार? मी या खुर्चीत मरणार, बिया घशात अडकून.”

“दिवे चालू होते?”

“नाही. दिवे बंद, इंजिन बंद, रेडिओही बंद. सगळं व्यवस्थित. काटेकोर माणूस तो. अहो, हँडब्रेकसुद्धा ओढलेला! आणि तो असा गोठला होता, की गाव्रिलने खाली शिरून हातोड्याने ठोकला, तेव्हा सुटला.”

पारास्किवा उठता उठता पुन्हा बसली.

“काय झालं?”

“साहेब, तुम्ही हिवाळ्यात वर गाडी लावता, तेव्हा काय करता?”

“मी? माझी जीप आहे, मी...” सार्जंटच्या हातातली बी तोंडापर्यंत जाऊन थांबली. “गिअरमध्ये टाकून ठेवतो. हँडब्रेक कोण ओढेल? केबल गोठते. शेंबडं पोरही...”

“आणि टोआदेरने तीस वर्षं ट्रक चालवला,” ती हळू आवाजात म्हणाली. “येते मी. देव तुमचं भलं करो.”

“थांबा, बाई! म्हणजे गाडी कुणी लावली?”

पण ती जिना उतरून गेली होती.

४

ती गाडी घेऊन वर निघाली. टोआदेरने तिला चालवायला शिकवलं होतं, पण खिंडीपलीकडे ती कधी एकटी गेली नव्हती. दगडी क्रॉस मागे पडला. रेडिओ तसाच चालू होता, त्याच आकड्यावर, आणि खरखर तशीच.

“रेडिओला कान नसतात, डोळे असतात,” टोआदेर म्हणायचा. “मनोरा दिसला, की हा बोलतो. मधे डोंगर आला, की आंधळा होतो. आपल्या दरीत आपला मनोरा दिसतो, पलीकडच्या दरीत पलीकडचा. दोन्हीकडचं एकदम ऐकायला देवच पाहिजे.” आणि मग खिंडीच्या माथ्यावर, जिथे लाकडी क्रॉस उभा आहे, तिथे पलीकडून येताना तो नेहमी एकच करायचा. टोपी काढायची, छातीवर क्रॉसची खूण करायची आणि आपल्या दरीचं स्टेशन लावायचं. लग्न झाल्यापासून तिने यात कधी बदल पाहिला नव्हता. बर्फ असो, वादळ असो, दोघांचं भांडण झालेलं असो.

वळणं संपली. माथा आला. लाकडी क्रॉसच्या पुढे गाडीचं नाक खाली वळलं आणि खरखर फाटली. आतून एक म्हातारा, स्वच्छ आवाज आला. पलीकडच्या दरीतल्या मोठ्या चर्चमधली दुपारची प्रार्थना.

तिने गाडी कडेला घेतली, गिअरमध्ये टाकली आणि आवाज ऐकत बसली. तिच्या डोक्यातल्या बंद घरात कुणीतरी हळूहळू चालू लागलं.

बॅटरी बदलली, तेव्हा टोआदेर जिवंत होता. कारण कोड त्यानेच दिला, दुसरं कुणी देऊच शकलं नसतं. बॅटरी बदलली ती या दरीत. कारण कोरा झालेला रेडिओ त्याने याच दरीच्या स्टेशनवर लावला. आणि नुसता लावला नाही, पहिल्या बटणावर बांधून ठेवला. एकदाच जायच्या ठिकाणचं स्टेशन कुणी बांधून ठेवत नाही. जिथे पुन्हा यायचं असतं, तिथलंच ठेवतात.

इथवर पाहिलं, तर गावाची तोंडं खरी ठरत होती. पण पुढचा धागा वेगळंच सांगत होता.

माथ्यावर स्टेशन बदललं गेलं नाही. म्हणजे माथा ओलांडताना गाडी टोआदेरच्या हातात नव्हती. पुढे दगडी क्रॉसपाशी कुणीतरी गाडी लावली आणि हँडब्रेक ओढला. ट्रॅक्टरवर ओढतात तसा, सवयीने. मग त्याची टोपी मांडीवर ठेवली. त्याच्या आधी केव्हातरी रेडिओ बंद केला, कारण मेलेल्या माणसाजवळ रेडिओ लावत नाहीत. चोराला किंवा वैऱ्याला याची काय पडली असती?

आणि मेण. टोआदेरच्या कोटाच्या बाहीवर मेणाचा थेंब होता. चर्चमधला असेल, म्हणून तिने तो नखाने खरवडून टाकला होता. पण त्या रविवारी तो चर्चला गेलाच नव्हता. पहाटेच निघाला होता.

ती खाली दरीकडे पाहत होती. उतारावर मेंढ्या चरत होत्या. त्यांच्या पाठीवर निळा रंग होता. पट्टा, आणि खाली ठिपका.

टोआदेरच्या आईच्या कळपाची खूण. आई गेल्यावर कळप धाकट्या मुलाने घेतला होता. निस्तोरने.

दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आई गेली तेव्हा टोआदेर ट्रकवर होता, निस्तोर मेंढ्यांबरोबर वर. म्हातारी एकटी गेली, उजेडाविना. दफनाच्या वेळी प्रत्येकाने दुसऱ्याला म्हटलं, ‘तू होतास कुठे?’ तिथेच निस्तोरने शपथ घेतली, की पुन्हा या गावाचा दगडी क्रॉस ओलांडणार नाही.

आणि गाडी सापडली होती ती क्रॉसच्या अलीकडे नाही, पलीकडेही नाही. अगदी क्रॉसपाशी.

५

निस्तोर कुंपणाची तार बांधत होता. कुत्रे भुंकायला लागले तसा त्याने वर पाहिलं. गाडी ओळखली. त्याने पक्कड खाली ठेवली, टोपी काढली आणि तसाच उभा राहिला. मोठ्या भावापेक्षा बुटका, खांदे तेच.

“वहिनी.”

“भावोजी, तुमची बॅटरी परत द्यायला आले.”

तो आत गेला, लाकडी बाक बाहेर आणला, हाताने पुसला. ती बसली. तो उभाच राहिला.

“पोलीस येतायत का मागून?”

“नाही. सार्जंट बिया सोलतोय. मला फक्त सांगा. तो कसा गेला?”

निस्तोरने दूर पाहत बोलायला सुरुवात केली, जणू मेंढ्यांना सांगत होता.

“आला तो भल्या सकाळी. मला वाटलं, भांडायला आलाय. मीही काठी घेऊन उभा. तर इथे, या चिखलात, गुडघे टेकून म्हणाला, ‘क्षमा कर.’ एवढा मोठा माणूस. मी म्हटलं, ‘ऊठ, पँट खराब होतेय, वहिनी ओरडेल.’ दुसरं काही सुचेना मला.”

“मग?”

“मग काय. मीपण मागितली. दिवसभर बसलो. चीज खाल्लं, उपासाच्या आधीचं शेवटचं. निघायला गेला तर दिवे दिवसभर चालूच राहून गाडी मेलेली. मी कुंपणाची बॅटरी काढून दिली. अस्वलं येतात म्हणून तारेत वीज ठेवतो. त्याचा तो रेडिओ कोड मागायला लागला. मला म्हणाला, ‘तिकडे तोंड कर.’ मी म्हटलं, ‘आत्ताच मिठी मारलीस ना?’ तर म्हणतो, ‘मिठी वेगळी, कोड वेगळा.’”

पारास्किवाने रुमाल तोंडावर धरला. हसू होतं की आणखी काही, तिचं तिलाच कळलं नाही.

“बॅटरी जुनी, वाटेत दगा देईल म्हणून माथ्यापर्यंत सोबत निघालो. प्रार्थना लागली होती रेडिओवर. ते स्टेशन त्याने बटणावर ठेवलं. म्हणाला, ‘आता येणं-जाणं होणार.’ माथ्याच्या अलीकडे, दोन वळणं राहिली असताना, त्याने गाडी कडेला घेतली. छातीवर हात ठेवला. मी म्हटलं, खाली दवाखान्यात नेतो. तो म्हणाला, ‘वेळ नाही. इकडे नको ठेवूस मला. पारास्किवाकडे ने.’”

तिने विचारायचा प्रश्न ओठांवर आणला, आणि तो बाहेर येईना. चाळीस दिवस तोच एक प्रश्न घेऊन ती उठली आणि झोपली होती.

निस्तोरनेच खिशात हात घातला. कोटाच्या आतल्या खिशातून त्याने मेणबत्तीचा बोटाएवढा तुकडा काढला. ईस्टरच्या रात्रीची पांढरी मेणबत्ती, एका बाजूने वितळून वाकलेली.

“आई गेल्यापासून ही मी जवळ ठेवतो, वहिनी. दर ईस्टरला नवी. मेंढरं राखताना, झोपताना, सगळीकडे. म्हटलं, पुन्हा कुणी माझ्यासमोर तसं जायला नको.” त्याने तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. “त्याच्या हातात दिली. माझा हात वरून धरला, कारण त्याचा थरथरत होता. एक थेंब बाहीवर पडला. त्याने बघितला तो उजेड. शेवटपर्यंत बघत होता.”

मेणाचा तुकडा हातात हलका होता. बोटं थंडीने गारठली आहेत, हे तिला आत्ता जाणवलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी जाणवलं.

“मग घरापर्यंत का नाही आणलंत?”

“क्रॉसपाशी आलो आणि पाय उचलेना. आईच्या कबरीसमोर घेतलेली शपथ. ती मोडली, तर त्याच्या जिवाला भोवेल असं वाटलं. त्याला मालकाच्या जागेवर बसवलं, तोंड घराकडे केलं. दूधवाला येईपर्यंत झाडीत उभा होतो. त्याला एकटं सोडलं नाही, वहिनी. मग चालत परत आलो. तुम्ही म्हणाल, यानेच मारला, म्हणून पुढे यायचा धीर झाला नाही. चुकलो.”

“चुकलात,” ती म्हणाली. आवाजात धार नव्हती. “चाळीस दिवस मी त्याला अंधारात पाहत होते.”

निस्तोरने मान खाली घातली. कुत्रा येऊन त्याच्या पायाशी बसला.

“आणखी काही म्हणाला होता तो? इथून निघताना?”

“म्हणाला, ईस्टरच्या आत येईन आणि तुला आईच्या कबरीवर घेऊन जाईन. दोघं मिळून एक मेणबत्ती लावू. तुम्हाला आधी सांगणार नव्हता. मला अचानक जेवायला उभा करणार होता तुमच्यासमोर.” तो कसंनुसं हसला. “राहिलं ते.”

पारास्किवा उठली. बाकावरून रुमाल उचलला, डोक्याला घट्ट बांधला.

“कोट घाला, भावोजी.”

“वहिनी, शपथ...”

“शपथ रागाची होती. राग तुम्ही दोघांनी इथे चिखलात टाकला. उरलेलं मी पाद्रीबाबांशी बोलते. ते प्रायश्चित्ताला उपास देतील. अर्धे मी धरीन.”

“तुम्ही का?”

“मला सवय आहे,” ती म्हणाली. “कुत्र्याला बांधा. मेंढ्यांना कुणी आहे ना?”

निस्तोरने शेजारच्या वाड्यावर हाक मारून सांगितलं आणि कोट घालून आला. दार उघडून बसताना त्याने आधी बुटांचा चिखल झटकला, पाहुण्यासारखा. तिने मेणाचा तो तुकडा त्याच्या हातात परत दिला. किल्ली फिरवली. जुनी बॅटरी खोकली, मग इंजिन लागलं. रेडिओवर तोच म्हातारा आवाज आला, आणि तिने तो बंद केला नाही.

हँडब्रेक ओढलेला नव्हताच. तिने गिअर सोडवला आणि खिंडीचा रस्ता धरला.